अर्ध्या सुताची फट

गेल्या उन्हाळ्यात गावाकडचं माळवद उतरवलं. औसा तालुक्यातलं गाव आमचं, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा गल्लीतली बरीच घरं बसली, आमची मागची भिंत फुगली, कोपऱ्यात हात जाईल एवढी भेग पडली, पण माळवद उभं राहिलं. त्या रात्रीनंतर मात्र त्या घरात कुणी झोपलं नाही. आधी पत्र्याच्या शेडमधे, मग नवीन आरसीसीच्या दोन खोल्यात, आणि जुनं घर नुसतं कडबा आणि औतं ठेवायला. तीस वर्षं. शेवटी पावसाळ्यात भिंत रस्त्यावर पडेल म्हणून अप्पांनी आणि काकांनी ठरवलं, उतरवून टाकू.

वरची दीड फूट पांढरी माती काढली, किलचण म्हणजे मातीखालचा लाकडी फळकुटांचा थर काढला, आणि खाली तुळया निघाल्या. सागवानाच्या. वरून काळ्याकुट्ट, चुलीचा धूर खाऊन खाऊन डांबर लावल्यासारख्या झालेल्या, पण सुतारमामानं वाकसाचा एक घाव घालून ढलपी उडवली तर आतून मधासारखा रंग आणि तो वास. एवढ्या वर्षांनी लाकडाला वास कसा राहतो कोण जाणे, पण राहतो. मधल्या तुळईला लोखंडी कडी होती, पाळण्याची. अप्पा, दोन काका, दोन आत्या, पाचही भावंडं त्याच कडीला टांगलेल्या पाळण्यात झोपलेली.

तर थोरली आत्या म्हणाली, बाकी लाकडाचं काय करायचं ते करा, पण आई-आबाच्या फोटोला ह्याच लाकडाची चौकट करून पायजे. म्हणल्यावर बाकीच्या चौघांनी पण हात वर केले. आजी-आबांचा एकच फोटो आहे दोघांचा, स्टुडिओत खुर्चीवर बसून काढलेला, त्याच्या पाच कॉप्या काढल्या. पाच चौकटी, वीस कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्याला दोन कट म्हणजे चाळीस कट, सगळे पंचेचाळीस अंशाचे. लाकूडकाम मी सात-आठ वर्षं घरच्या घरी करतो, नोकरी वेगळी आहे, रविवारी आणि सुट्टीला करतो. स्टूल केलेत, देवघर केलं, मुलीचं टेबल केलं. त्यामुळं हे काम माझ्याकडं येणार हे उघडच होतं आणि मलाही ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नव्हतं.

पहिली चौकट मी हातकरवतीनं केली. गुण्या लावून, मार्किंग करून, सावकाश. रेघेवर करवत चालवताना मी श्वास धरला होता म्हणलं तरी चालेल. चार तुकडे जमिनीवर मांडले, तीन कोपरे अगदी छान बसले, आणि चौथ्याला फट. सुतारमामाला दाखवलं. त्यानं चष्मा वर केला, कोपऱ्यात अंगठ्याचं नख घातलं, आणि म्हणाला, "आर्धा सूत हाय. फेविकॉलात भुसा कालीव अन् भर, पॉलिश मारल्यावर कळत बी न्हाई."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, आठ सूत म्हणजे एक इंच. आमच्याकडं सुतार अजून सुतातच बोलतात, टेपवर मिलिमीटर छापलेले असले तरी. अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरच्या थोडं वर. मामाचं बरोबर होतं, भरलं असतं तर कळलं नसतं. पण मला कळलं असतं, आणि त्या लाकडात भुशा-फेविकॉलची लांबी भरायला माझा हात होईना.

घरी येऊन रात्री मी गणित मांडलं. ही फट चौथ्या कोपऱ्यात दिसते म्हणून आपण चौथा कोपरा दुरुस्त करायला जातो, पण ती चूक तिथली नसतेच. चौकटीला आठ कट असतात, आठीच्या आठी कटात थोडं थोडं चुकलेलं असतं आणि ते सगळं जमा होऊन शेवटच्या जोडात दिसतं. माझी पट्टी दोन इंच रुंद, तिचा तिरका जोड साधारण ७२ मिलिमीटर लांब. त्यावर अर्धा सूत फट म्हणजे एकूण सव्वा अंशाची चूक, भागिले आठ, म्हणजे एका कटाला अंशाचा जेमतेम सहावा भाग. सहावा भाग! आणि प्रत्येक कटात पाव अंश चुकला असता तर तीच फट पाऊण सूत झाली असती. हे आकडे समोर आल्यावर माझ्या डोक्यात मशीनबद्दलचा सगळा विचार बदलला. तोपर्यंत मला वाटायचं मायटर सॉ, म्हणजे पाहिजे त्या कोनात फिरवून आडवा कट घेणारी विजेची करवत, घ्यायचा तो काम पटापट होतं म्हणून घ्यायचा. तसं नाही. चाळीस कट मी हातानं दोन दिवसात केले असते. मला पाहिजे होता तो एकच कोन, चाळीस वेळा, तोच, न हलणारा.

माझ्यासारखे हौसेनं घरी काम करणारे बहुतेकजण सुरुवात करतात मार्बल कटरनं. चार इंची, हातात मावणारा, फरशीवाल्यांचा, त्याला लाकडाचं ब्लेड लावायचं की झाली करवत. आणि साइटवर तर तोच कटर फळीखाली उलटा स्क्रूनं आवळून टेबल सॉ बनवतात, बटण टेपनं दाबून कायमचं चालू. मिनिटाला बारा हजाराच्या वर फेरे घेणारं पातं, वर गार्ड नाही, मागं फाक धरून ठेवणारी पट्टी नाही. मी पण एक वर्ष तसं काम केलंय आणि आज हात जोडून सांगतो, करू नका. बोटं शाबूत राहिली हे नशीब, त्यात आपली अक्कल काही नसते.

तर मशीन बघायला लातूरच्या मार्केटात गेलो. पहिल्याच दुकानात मी म्हणालो चॉप सॉ दाखवा, तर त्यानं काढलं लोखंड कापायचं १४ इंची, घासून कापणारी चकती लावलेलं, गेट-ग्रिलवाल्यांचं. ते नव्हे म्हणलं, लाकडाचं, कोनात फिरतं ते. मग त्याच्या लक्षात आलं, "आसं म्हना की, ॲल्युमिनियम कटिंग!" आपल्याकडं मायटर सॉ सगळ्यात जास्त कोण वापरतं तर स्लायडिंग खिडक्यावाले. खिडकीच्या ॲल्युमिनियम सेक्शनला पण पंचेचाळीसचे आणि नव्वदचे कट लागतात, दिवसभर, शेकड्यानं. त्यामुळं दुकानात मशीन असतं ते त्यांच्यासाठी असतं, डेमोला लावलेलं ब्लेड त्यांचं असतं, आणि दुकानदार जे सांगतो ते त्यांचंच. यात त्याची चूक नाही, पण लाकूडवाल्यानं हे डोक्यात ठेवून ऐकावं.

ब्लेडचंच घ्या. १० इंची ब्लेड ॲल्युमिनियमसाठी १०० किंवा १२० दातांचं असतं, त्याच्या दातांची धार वेगळ्या पद्धतीनं घासलेली असते, एक दात सपाट, पुढचा दात कोपरे कापलेला, असं आलटून पालटून. लाकडाचा आडवा कट पाहिजे तर दात एकदा डावीकडं तिरपा एकदा उजवीकडं तिरपा असा लागतो, म्हणजे तो लाकडाच्या शिरा आधी सुरीसारख्या चिरतो आणि मग भुसा काढतो. १० इंचीला ६० दात मला बरोबर वाटतात. १२० दातांनी सागवान कापलं तर कापतं, पण प्रत्येक दाताला भुसा बाहेर न्यायला जागा कमी, ब्लेड तापतं, लाकूड करपतं, कडेला चॉकलेटी डाग पडतात. आणि अजून एक, दाताचा कल. पुढं खूप झुकलेला दात लाकूड स्वतःकडं ओढून घेतो. टेबल सॉवर, फळी उभी चिरायला तो चालतो, पण मायटर सॉवर, त्यात सरकणाऱ्या मशीनवर, ते पातं लाकडावर चढून अंगावर येऊ शकतं. त्यामुळं इथं कल अगदी थोडा किंवा उलटा, मागं झुकलेला घ्यायचा. ब्लेडच्या पाकिटावर हे लिहिलेलं असतं, दुकानदार वाचत नाही, आपण वाचायचं. मधल्या भोकाचं माप पण मशीनप्रमाणं वेगळं असतं, २५.४ आणि ३० मिलिमीटर ही नेहमीची, तेव्हा आपल्या मशीनचं माप कागदावर लिहून नेलेलं बरं.

आता मेन प्रश्न, कोणतं मशीन. दोन जाती आहेत. एक साधं, जे नुसतं वरून खाली येतं, आणि एक सरकणारं, ज्याचं डोकं दांड्यांवर पुढं मागं पण सरकतं. साध्या १० इंचीत फळी बसते साधारण पाच इंच रुंद. माकिटाचं एलएस१०४० आहे, खूप जुनं आणि खिडकीवाल्यांच्या हातात दिसणारं मॉडेल, १६५० वॅट, वजन ११ किलो, ते असंच, न सरकणारं. सरकणाऱ्यात ब्लेड लहान असलं तरी रुंदी जास्त मिळते, बॉशचं जीसीएम ८ एसजेएल घ्या, ब्लेड फक्त २१६ मिलिमीटर म्हणजे साडेआठ इंची पण फळी कापतं ३१२ मिलिमीटर रुंद, एक फुटाच्या वर. वजन १७ किलोच्या पुढं. आणि मग १२ इंची सरकणारी मोठी मशीनं, वीस-पंचवीस किलोची, दोघांनी उचलायची.

ज्याला विचारावं तो म्हणत होता मोठं घे. पुन्हा पुन्हा घेणं होत नाही, एकदाच घे, मोठं घे. मेव्हणा म्हणाला, ऑफिसातले म्हणाले, दुकानदार तर म्हणणारच. आणि मी पण जवळजवळ घेतलंच होतं.

मला वाचवलं ते एका खिडकीवाल्या मित्रानं. त्याच्या शेडमधे दोन्ही मशीनं आहेत, साधं आणि सरकणारं. म्हणाला, "घ्यायच्या आदी माझ्याकडं ये, तुजं लाकूड घिऊन ये, कापून बग." मी तुळईच्या कडेची चार इंच रुंद पट्टी घेऊन गेलो, ब्लेड माझं नेलं. त्यानं मला जे दाखवलं ते मी आता प्रत्येकाला सांगतो. मशीन बंद, प्लग काढलेला. डोकं वर असताना हँडल धरून डावीकडं उजवीकडं हलव म्हणाला. साध्या मशीनचं डोकं जवळजवळ हललंच नाही. मग सरकणाऱ्याचं डोकं दांड्यांवर पूर्ण पुढं ओढलं आणि तसंच हलवायला लावलं. हाताला जाणवलं. थोडंसं, पण जाणवलं, जुन्या सायकलचं हँडल कसं किंचित खेळतं तसं. त्याचं मशीन चार वर्षं रोज वापरलेलं होतं हे खरं, नवीन चांगल्या कंपनीचं सरकणारं मशीन एवढं हलणार नाही, पण दांडे आले की त्यात बेअरिंग आलं, बेअरिंग आलं की झीज आली, आणि माझं सगळं भांडण अंशाच्या सहाव्या भागाशी होतं.

मग कापून बघितलं. याची पद्धत फार सोपी आहे, गुण्या पण लागत नाही. मशीन शून्यावर ठेवून रुंद पट्टी मधोमध कापायची. दोन तुकडे झाले. एक तुकडा तसाच ठेवायचा, दुसरा उलटा करायचा, वरची बाजू खाली, आणि दोन्ही मशीनच्या मागच्या पट्टीला, जिला लाकूड टेकवून कापतात तिला, टेकवून कापलेली तोंडं एकमेकाला भिडवायची. कट बरोबर नव्वद असेल तर तोंडं चिकटतात. चुकला असेल तर फट दिसते, आणि ती फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणजे डोळ्याला न दिसणारी चूक ही चाचणी स्वतःच मोठी करून दाखवते. चार इंची पट्टीवर अर्धा अंश चुकला तर पावणेदोन मिलिमीटर फट पडते, आंधळ्याला पण हाताला लागेल. आम्ही शेडच्या दारात उजेडाकडं धरून बघितलं. साध्या मशीनच्या कटातून उजेडाची एक बारीक रेघ आली, वरच्या टोकाला. मित्रानं मागच्या पट्टीचे दोन बोल्ट ढिले केले, तळहातानं हलकेच ठोकलं, परत आवळलं, परत कट. तीन वेळा. तिसऱ्या वेळेला उजेड बंद. मी ते दोन तुकडे खिशात घालून घरी आणले.

तर माझं मत हे. घरच्या वर्कशॉपसाठी मशीन निवडताना आधी ब्लेडच्या इंचाकडं बघू नका, आधी आपल्या कामाकडं बघा. मी गेल्या सात-आठ वर्षांत जे काही केलं त्याची माझी वही आहे, त्यात मापं लिहिलेली आहेत, रात्री बसून चाळली. पाच इंचापेक्षा रुंद लाकूड मी आडवं कापलंय मोजून चार-पाच वेळा, तेही बहुतेक प्लायवूड, जे तसंही मायटर सॉवर कापायची गोष्ट नाही. बाकी सगळं पट्ट्या, पाय, चौकटी, अडीच इंच तीन इंच. मग एक फूट रुंदीसाठी मी पैसे का देऊ, आणि रुंदीबरोबर येणारा तो खेळ का विकत घेऊ? ज्याला पुस्तकांची कपाटं करायचीत, जिन्याच्या पायऱ्या करायच्यात, त्यानं सरकणारं घ्यावं, त्याला पर्याय नाही, आणि चांगलं घ्यावं. पण माझ्यासारख्याला साधं १० इंची बास.

जागेचा पण मुद्दा आहेच. माझं वर्कशॉप म्हणजे घरामागचं दहा बाय बारा फुटाचं पत्र्याचं शेड. त्यात २०१६ पासून पाण्याचे ड्रम होते. त्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा घरोघरी ड्रम घेतले होते लोकांनी, आमचे सहा. नंतर चांगले पावसाळे झाले तरी ते हलवायची आईची तयारी नव्हती आणि मला ते समजतं, ज्यानं तो उन्हाळा काढलाय त्याला ड्रम फेकवत नाहीत. बोलून बोलून चार ड्रम गच्चीवर गेले, दोन अजून आहेत. राहिलेल्या जागेत सरकणारं मशीन ठेवायचं म्हणजे मागं दांड्यांना जागा सोडावी लागते, टेबल भिंतीपासून पुढं ओढावं लागतं, तीन फूट खोली सहज खातं. बॉशची काही मोठी मशीनं दांड्यांऐवजी बिजागरीच्या हातासारखी घडी होतात, ती भिंतीला लावून चालतात, पण ती माझ्या बजेटच्या फार वरची.

विजेबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. १६५० वॅट म्हणजे २३० व्होल्टला सात अँपिअरच्या थोडं वर, आणि बटण दाबल्या क्षणी मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. घरातल्या साध्या प्लगला, तेही मोबाईल चार्जिंगच्या पातळ एक्स्टेंशनवर, हे मशीन लावायचं नाही. मी इलेक्ट्रिशियनकडून मीटरच्या बोर्डापासून शेडपर्यंत वेगळी २.५ स्क्वेअर एमएमची वायर ओढून घेतली, १६ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग नीट. आमच्या भागात उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर चालू झाले की व्होल्टेज पडतं, ट्यूब फडफडते, त्या वेळी मशीन चालवलं तर मोटर कण्हते, ब्लेडचा वेग पडतो आणि कट खरबरीत येतो, मोटर तापते ती वेगळीच. म्हणून माझी वेळ रविवारी सकाळी सात ते साडेनऊ. तेवढ्यात ऊन पण पत्र्यावर चढलेलं नसतं.

मशीन आलं, बसवलं, पुन्हा तीच उलट्या तुकड्याची चाचणी केली, नवीन मशीन पण शून्यावर शून्य नव्हतं. कंपनीतून सेट होऊन येतं म्हणतात पण वाटेत ट्रकमधे काय काय होतं, त्यामुळं घरी आल्यावर तपासायचंच. पंचेचाळीसचा खटका, म्हणजे मशीन त्या कोनावर अडकून बसतं ती खाच, वेगळा तपासला, पातं टेबलाला उभं काटकोनात आहे का ते वेगळं.

लांबीसाठी ठोकळा लावला. हे फार महत्त्वाचं आहे आणि फार साधं आहे. चौकटीच्या समोरासमोरच्या बाजू एका लांबीच्या नसतील तर कोन कितीही बरोबर असला तरी चौकट बंद होत नाही. टेप लावून चार वेळा मोजायचं नाही, मागच्या पट्टीला एक लाकडी ठोकळा क्लॅम्पनं आवळायचा आणि प्रत्येक तुकडा त्याला टेकवून कापायचा. फक्त ठोकळ्याची खालची कड रंध्यानं थोडी उडवायची, कारण तिथं भुसा साचतो आणि दोन-चार कटांनंतर तुकडा ठोकळ्याऐवजी भुशाला टेकतो. माझा एक तुकडा असाच आखूड गेला.

आणि तेराव्या कटाला ती गोष्ट झाली. सॉ मिलवाल्यानं तुळया चिरून द्यायला आधी नकारच दिला होता, जुनं लाकूड म्हणजे खिळे, त्याचं बँड सॉचं पातं तुटतं, पण मी घरी बसून दोन रविवार पक्कड आणि पहार घेऊन सगळं लोखंड काढलं, चुंबक फिरवला, मग त्यानं चिरलं. तरी एक राहिलं. पातं अर्ध्यात आलं आणि कर्रकन आवाज, एक ठिणगी, जळक्या लोखंडाचा वास. मी बटण सोडलं आणि डोकं तसंच खाली धरून ठेवलं. हे मात्र सवयीनं झालं आणि बरं झालं. १० इंची पातं मिनिटाला ४६०० फेरे घेतं तेव्हा दाताचा वेग ताशी २२० किलोमीटर असतो, फिरतं पातं वर उचललं तर सुटलेला तुकडा त्यात अडकून कुठं जाईल सांगता येत नाही. पातं पूर्ण थांबू द्यायचं, मग वर. हात पात्यापासून वीतभर लांब, हातमोजे घालायचे नाहीत कारण ते पात्यात ओढले जातात, डोळ्याला चष्मा, कानाला बंद करायचं काहीतरी, नाकाला मास्क कारण सागवानाचा भुसा घशाला आणि कातडीला काही जणांना फार त्रास देतो. मशीनला भुशाची पिशवी येते पण ती अर्धा भुसापण धरत नाही.

ब्लेड काढून उन्हात बघितलं. साठातला एक दात गेला होता, कार्बाइडचा तुकडा उडालेला. लाकडात बघितलं तर वाटाण्याएवढं लोखंड, आणि त्याच्या भोवती काळा डाग, शाई सांडल्यासारखा, दोन इंच आतपर्यंत शिरांबरोबर गेलेला. सागवानात लोखंड राहिलं आणि ओल लागली की असा काळा डाग पडतो. अप्पा तिथंच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, फिरवून बघितला, म्हणाले, "ही मधली तुळई. कडीच्या बुडाचं हाय हे. कडी ओढताना मोडली आसंल आत." थोडा वेळ तो तुकडा त्यांच्या मांडीवर तसाच होता. मग मला म्हणाले, "ह्याला टाकू नकू."

टाकला नाही. पटाशीनं लोखंड कोरून काढलं, तो तुकडा एका चौकटीची खालची बाजू झाला, डाग डाव्या कोपऱ्याजवळ. धार लावणाऱ्यानं ब्लेडला नवीन दात बसवून दिला, ते आठ दिवस काम बंद.

चाळीसावा कट झाल्यावर मी पाचवी चौकट कोरडी मांडली, फेविकॉल न लावता, सपाट ग्रॅनाइटच्या तुकड्यावर. तीन कोपरे हातानं दाबून धरले आणि चौथ्याकडं बघितलंच नाही, मुलीला म्हणलं बघ कागद जातो का. तिनं वहीच्या पानाचा तुकडा घेऊन कोपऱ्यात घालायला बघितला. कागद वाकला, आत गेला नाही. तिनं परत दुसऱ्या बाजूनं घालून बघितला. नाही गेला.

सुतारमामा पुढच्या आठवड्यात लग्नाच्या निमित्तानं लातूरला आला होता, त्याला घरी आणलं, चौकट दिली. त्यानं काही न बोलता चारही कोपऱ्यांवर अंगठ्याचं नख फिरवलं, सवयीप्रमाणं. मग मशीनपाशी गेला, बंद मशीनचा खटका इकडून तिकडं फिरवला, शून्य, पंधरा, साडेबावीस, तीस, पंचेचाळीस, प्रत्येक खाचेत टक टक वाजत होतं. "साडेबावीस कशाला?" म्हणाला. मी म्हणालो मामा, आठ कोनी करायचं असलं तर. त्याला आठ कोनी चौरंग माहीत होता, त्याच्या वडलांनी केलेला, पण त्यांनी तो दोरी आणि परकारानं आखला होता, अंश कधी मोजले नव्हते.

डाग असलेली चौकट थोरल्या आत्यानं घेतली. निवडायची वेळ आली तेव्हा तिनं बाकीच्या चारीकडं बघितलं सुद्धा नाही. आता तिचा उदगीरहून फोन आहे, भिंतीवरच्या घड्याळाला पण त्याच लाकडाची चौकट पायजे, आठ कोनी, "आपल्या गोलाईसारखी". लातूरच्या बाजारपेठेतल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, कागदावर गोलाचे सोळा सारखे वाटे केले तर एक वाटा बरोब्बर साडेबावीस अंशाचा. आठ तुकडे, सोळा कट, म्हणजे चूक आता आठानं नाही तर सोळानं गुणली जाणार. प्रत्येक कटात अंशाचा दहावा भाग चुकला तरी शेवटच्या जोडात दीड अंशाच्या वर फट. साडेबावीसचा खटका मी अजून एकदाही तपासलेला नाही. मधल्या तुळईची एक तीन फुटी पट्टी शिल्लक आहे, ती मी सध्या वापरणार नाही, आधी बाभळीच्या रद्दी पट्टीवर आठ तुकडे कापून बघतो, रविवारी, सकाळी सात वाजता लाईट असली तर.